‘तिचं बाळंतपण कुणी केलं?’ : नाताळच्या अर्थाविषयी एका पाळकाचं उत्तर

एका ताईंचा प्रश्न आला आहे. तो आधी थोडक्यात सांगतो. त्या ख्रिस्ती घरात वाढल्या, संडे स्कूलच्या नाटकात दोनदा मरिया झाल्या, आता पुण्यात नोकरी करतात. मे महिन्यात त्यांची आई गेली. शेवटचे अडीच महिने आई अंथरुणाला खिळून होती आणि तिचं सगळं यांनीच केलं. आता गल्लीत कागदी चांदण्या लागल्यात, मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, गाण्यांची तालीम सुरू झाली आहे, आणि यांना आतून काहीच वाटत नाही. त्या लिहितात : ‘नाताळ म्हणजे आनंद, हे लहानपणापासून ऐकत आले. मग ज्याच्याकडे आनंद नाही त्याच्यासाठी नाताळचा अर्थ काय? की यंदा सोडून द्यावा? आणि आईच्या नावाने एक मेणबत्ती लावली तर चालेल का?’

ताई, मी ३४ वर्षं नगर जिल्ह्यातल्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगरच्या, खेड्यांतल्या मंडळ्यांत पाळक, म्हणजे पास्टर, म्हणून सेवा केली. तुमच्यासारखी माणसं मला दर डिसेंबरात भेटली आहेत. उपासना सुटली की ती मागच्या बाकावरून उठून, हस्तांदोलन चुकवून निघून जातात. त्यांच्यामुळेच मला नाताळ थोडाफार कळला, म्हणून तुम्हाला सविस्तर लिहितो.

नाताळ सोडून देऊ नका. तुम्हाला यंदा झेपत नाहीये तो नाताळचा सण : रोषणाई, फराळाची ताटं, केक, नवे कपडे. तो एक वर्ष झेपला नाही तर काही बिघडत नाही. त्या सणाच्या तळाशी जी गोष्ट आहे ती मात्र तुमच्या फार जवळची आहे, आणि ती जवळची का, हे मला एका ऊसतोड बाईने शिकवलं.

बऱ्याच वर्षांपूर्वीची गोष्ट. डिसेंबरचा तिसरा आठवडा संपत आला होता, कारखान्याचा हंगाम जोरात होता. आमच्या मंडळीतल्या बायकांनी करंज्या-शंकरपाळ्या जरा जास्तीच्या केल्या होत्या आणि त्या घेऊन आम्ही चार-पाच जण संध्याकाळी गावाबाहेर ऊसतोड मजुरांच्या कोप्यांवर, म्हणजे पाचटाच्या झोपड्यांवर, गेलो. बीडकडची टोळी होती. एका कोपीपुढे एक बाई चुलीपाशी बसलेली. तिचं बाळ नऊ दिवसांचं होतं. उसाच्या वाढ्यांची, म्हणजे हिरव्या शेंड्यांची, एक पेंढी सोडून पसरली होती, त्यावर गोधडी, आणि गोधडीवर जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेलं ते बाळ. दोन हातांवर बैल बांधलेले, ते त्याच वाढ्यांतलं खात होते. तिचा नवरा पहाटे तीनला फडावर गेला होता तो अजून आला नव्हता. चार दिवसांनी आपणही कोयता हातात घेणार आहोत, असं ती म्हणाली. उचल, म्हणजे आगाऊ घेतलेले पैसे, फेडायची होती.

आम्ही फराळ दिला. तिने विचारलं, सण कसला? मी म्हणालो, येशूच्या जन्माचा. कुठं झाला जन्म? मी सांगितलं की सरकारी नावनिशी होती, म्हणून त्याच्या आईबापांना परगावी जावं लागलं. तिथे उतरायला जागा मिळाली नाही. दिवस भरले आणि बाळाला गव्हाणीत ठेवावं लागलं. ती ऐकत होती. मग तिने चुलीतलं जळण सारलं आणि म्हणाली, ‘तिच्यापाशी बाई कोण व्हती? तिचं बाळंतपण कुणी केलं?’

माझ्याकडे उत्तर नव्हतं. तोपर्यंत लूकच्या शुभवर्तमानातल्या दुसऱ्या अध्यायावर, जिथे ही जन्मकथा येते, मी निदान पंधरा-वीस उपदेश केले असतील. नावनिशीचा हुकूम काढणारा रोमी सम्राट कैसर औगुस्त, नासरेथ ते बेथलेहेम हा शंभर किलोमीटरहून लांबचा रस्ता, देवदूतांचं गाणं, सगळ्यावर बोललो होतो. पण हा साधा प्रश्न मला कधी पडला नव्हता. तिला पहिल्या झटक्यात पडला, कारण तिचं स्वतःचं बाळंतपण त्याच कोपीत, टोळीतल्या एका म्हाताऱ्या बाईच्या हातून झालं होतं.

रात्री घरी येऊन लूक उघडला. तिथे तीन क्रियापदं आहेत : तिने जन्म दिला, तिने बाळंत्याने गुंडाळलं, तिने गव्हाणीत ठेवलं. मूळ ग्रीकमध्येही तिन्हींचा कर्ता एकटी मरिया आहे. त्या वाक्यात योसेफ नाही, सुईण नाही, नात्यातली कुणी बाई नाही. लूकला माहीत नव्हतं, की त्याला तसंच सांगायचं होतं, यावर मी काही म्हणणार नाही. पण हा प्रश्न जुना आहे खरा. दुसऱ्या शतकातलं एक लिखाण आहे, पवित्र शास्त्रात त्याला स्थान मिळालं नाही, त्यात योसेफ सुईण शोधायला बाहेर पडतो असं येतं. म्हणजे तेव्हाच्या माणसांनाही हेच वाटलं असणार : त्या बाईपाशी कुणीतरी हवं होतं.

‘उतारशाळेत त्यांना जागा नव्हती’ असं आपल्या मराठी शास्त्रात आहे, आणि नाटकात आपण एका मुलाला दरडावणारा मालक करून उभा करतो. त्या मालकाचा शास्त्रात कुठेही पत्ता नाही. लूकने तिथे जो शब्द वापरला आहे, तोच पुढे प्रभूने शिष्यांबरोबर शेवटचं भोजन घेतलं त्या खोलीसाठी येतो. पाहुण्यांची खोली, असा त्याचा अर्थ. येशूने सांगितलेल्या चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्यात खरीखुरी धर्मशाळा आहे, आणि तिथे लूक वेगळाच शब्द घालतो. त्यामुळे अनेक अभ्यासक असं मानतात की ती दोघं कुणा नातलगाच्याच घरी उतरली असतील, पाहुण्यांची जागा आधीच भरलेली होती, आणि बाळंतपण घराच्या त्या खालच्या भागात झालं जिथे रात्री जनावरं बांधत. आपल्याकडच्या जुन्या माळवदाच्या घरांत राहिलेल्या माणसाला हे समजवावं लागत नाही. दारातून आत आलं की आधी गुरं आणि त्यांची गव्हाण, मग दोन पायऱ्या चढून माणसं. मला हा अर्थ जास्त पटतो. त्याने गोष्ट सौम्य होत नाही. कुणी दुष्ट नव्हतं आणि तरीही जागा नव्हती, हे जास्त खरं आहे. तुमच्या आईच्या आजारपणातही असंच झालं असेल. सगळे चांगलेच होते, फक्त प्रत्येकाला आपापलं काम होतं.

आता त्या बाईच्या प्रश्नातला ‘केलं’ हा शब्द घ्या. आपल्या भाषेत हे फार मोठं क्रियापद आहे. बाळंतपण करतात. आजारपणात कुणाचं तरी करतात. म्हाताऱ्या सासऱ्याचं सुनेने केलं, असं आपण म्हणतो. तुम्हीही लिहिलंय, ‘आईचं सगळं मीच केलं’. त्या ‘करण्यात’ काय काय येतं ते सांगायला लागत नाही : कूस बदलणं, पुसून घेणं, कपडे काढणं-घालणं, चमच्याने पाणी, रात्री दोनला उठून श्वास चालू आहे ना ते पाहणं.

ख्रिस्ती विश्वासात नाताळ म्हणजे काय, असं मला एका वाक्यात विचारलं तर मी म्हणेन : ज्याने सगळं केलं, त्याचं करावं लागलं. योहानाच्या शुभवर्तमानात ‘शब्द देही झाला’ असं आहे. देही झाला म्हणजे त्याला भूक लागली, तो ओला झाला, त्याला कुणीतरी कोरडं करावं लागलं, मान सावरून धरावी लागली. त्याने आपल्याला एका बाईच्या हातात देऊन टाकलं. प्रेषित पौल फिलिप्पैच्या मंडळीला लिहिताना म्हणतो की त्याने स्वतःला रिक्त केलं. मी तरुणपणी या ओळीवर आकाशाएवढं बोलायचो. आता मला तिथे दिसतं एक बाळंतं, जुन्या मऊ कापडाचा तुकडा, तो बदलणारे दोन हात.

म्हणून ताई, तुमचे ते अडीच महिने नाताळच्या बाहेरचे नाहीत. तुम्ही जे आईच्या देहाचं केलं, तेच कुणीतरी त्या बाळाचं केलं होतं. आणि त्याच देहाचं पुढे एकदा पुन्हा करावं लागलं. वधस्तंभावरून खाली घेतल्यावर अरिमथाईच्या योसेफाने त्याला तागाच्या कापडात गुंडाळलं आणि कबरेत ठेवलं. गुंडाळलं, ठेवलं. लूकच्या दुसऱ्या अध्यायातही हेच, तेविसाव्यातही हेच. पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स मंडळ्यांच्या जुन्या चित्रांत ख्रिस्तजन्म दाखवताना गव्हाण मुद्दाम दगडी कबरेसारखी काढतात आणि बाळाला पट्ट्यांत असं गुंडाळतात की प्रेतवस्त्राची आठवण यावी. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला ते अशुभ वाटलं होतं. आता वाटतं, त्या चित्रकारांना माहीत होतं की जन्माची ही गोष्ट मरणाला वगळून सांगता येत नाही. जो मरू शकत नाही, त्याने मरू शकेल असा देह घेतला. तुमच्या आईला जे झालं ते त्याला परकं राहिलेलं नाही. शोकात असलेल्या माणसाला माझ्याकडे देण्यासारखं एवढंच आहे, आणि मी त्यावर पूर्ण भार टाकून उभा आहे.

इथे शेजारपाजारचे हिंदू मित्र प्रेमाने म्हणतात, ‘म्हणजे देवाने अवतार घेतला.’ तो शब्द मला परका वाटत नाही. १६१६ मध्ये गोव्यात फादर स्टीफन्सनी ख्रिस्तकथा मराठी ओवीत सांगितली, आणि नारायण वामन टिळकांनी येशूला अभंगात हाक मारली ती याच मातीतल्या शब्दांनी. पण मंडळी ‘देहधारण’ म्हणते तेव्हा तिला आणखी एक गोष्ट नेमकी सांगायची असते. इ. स. ४५१ मध्ये खाल्केदोनच्या धर्मपरिषदेने तीच शब्दांत बांधली : तो पूर्ण देव आणि पूर्ण मनुष्य, एकात दुसऱ्याची भेसळ नाही आणि दोघांत फूटही नाही. तो देह म्हणजे काम झाल्यावर उतरवून ठेवायचा अंगरखा नव्हता. पुनरुत्थानानंतरही थोमा या शिष्याला दाखवायला हातांवर खिळ्यांचे व्रण होतेच. देवाने माणसाचा देह घेतला तो कायमचा.

योहानाचं ते वाक्य पुढे म्हणतं, ‘व त्याने आमच्यामध्ये वस्ती केली.’ ग्रीकमध्ये तिथे तंबू ठोकण्याचं क्रियापद आहे. आपण म्हणू, पाल टाकलं. कोप्यांवर जाऊन आल्यापासून हे वाक्य मी वाचतो तेव्हा मला बांबू, पाचट आणि ताडपत्री दिसते. देव भेट द्यायला आला आणि गेला, असं ते वाक्य म्हणत नाही. त्याने आपल्या शेजारी पाल टाकलं आणि आपल्याच चुलीवरचं खाल्लं.

ही माणसं गरीब होती, हे लूक किती हळू आवाजात सांगतो तेही पाहा. मुलगा चाळीस दिवसांचा झाल्यावर मंदिरात अर्पण करायचं असे. मोशेच्या नियमशास्त्राप्रमाणे ते अर्पण कोकराचं. ज्याला कोकरू परवडत नाही त्याने होल्यांचा जोडा किंवा पारव्याची दोन पिल्लं आणावीत. मरिया-योसेफाच्या बाबतीत लूक फक्त होले आणि पारवे लिहितो आणि पुढे जातो. आपण मात्र गोठा थर्माकोलचा करतो, त्याला चमकी लावतो. १२२३ साली इटलीतल्या ग्रेच्चो गावी असिसीच्या फ्रान्सिसने पहिल्यांदा खरं गवत, खरा बैल आणि खरं गाढव आणून नाताळची रात्र उभी केली, ती बाळाला काय काय सोसावं लागलं हे डोळ्यांनी दिसावं म्हणून. बैल आणि गाढव लूकमध्ये नाहीतच. ते यशया संदेष्ट्याच्या पुस्तकातून आले आहेत. बैल आपल्या धन्याला ओळखतो, गाढव मालकाची गव्हाण ओळखतं, पण माझे लोक ओळखत नाहीत, असं तिथे देव म्हणतो.

दर डिसेंबरात मोबाइलवर फिरणारा एक वाद इथेच उरकतो. २५ डिसेंबर ही तारीख शास्त्रात नाही. रोममध्ये या दिवशी ख्रिस्तजन्म पाळल्याची सर्वांत जुनी नोंद चौथ्या शतकातली आहे. आर्मेनियन मंडळी आजही ६ जानेवारीला पाळते. बाळाला भेटायला आलेले पूर्वेकडचे ज्ञानी लोक तीन होते असंही मत्तयाचं शुभवर्तमान म्हणत नाही, दानं तीन होती एवढंच. यातल्या कशानेही माझ्या विश्वासाला कधी धक्का लागला नाही. ‘नाताळ’ हा शब्दच पोर्तुगिजांकडून आलेला आहे आणि त्याचा अर्थ नुसता ‘जन्म’. तारखेचा त्यात उल्लेख नाही.

तुम्ही विचारलंय, नाताळ म्हणजे आनंद ना? मेंढपाळांना देवदूत आनंदाची वार्ता देतो, हे खरं. पण त्याआधी तो ‘भिऊ नका’ म्हणतो, कारण ते फार घाबरलेले होते. आपल्याकडे शेतात वाघूर, म्हणजे जाळी, लावून मेंढ्या बसवतात आणि धनगर रात्रभर जागे राहतात, तशी ती माणसं. आणि मत्तयाच्या गोष्टीत तर याहून जड काहीतरी आहे, जे आपण कधीच नाटकात घेत नाही. हेरोद राजा बेथलेहेमातली लहान मुलं मारतो, आणि मत्तय यिर्मया संदेष्ट्याची जुनी ओळ आठवतो : राहेल, इस्राएल लोकांची पूर्वज आई, आपल्या मुलांसाठी रडते आहे आणि तिचं सांत्वन होत नाही, कारण ती नाहीत. राहेलीची कबर परंपरेने बेथलेहेमच्या वाटेवरच दाखवतात. मत्तयाने तिथे घाईने सांत्वनाचं वाक्य जोडलेलं नाही. तिचं रडणं तसंच राहू दिलंय, ख्रिस्तजन्माच्या गोष्टीच्या आत. २०२३ च्या डिसेंबरात गाझात युद्ध पेटलं होतं तेव्हा बेथलेहेममधल्या लूथरन मंडळीने गव्हाण मांडलीच नाही. सिमेंटच्या फुटक्या तुकड्यांच्या ढिगात बाळ ठेवलं. जगभरात ते छायाचित्र पाहिलं गेलं. मला ते पाहून वाटलं, मत्तय वाचलेली माणसं आहेत ही.

तेव्हा मंडळीत सगळे ‘आनंद’ गात असताना तुमचा आवाज फुटला नाही, तर तुम्ही नाताळच्या बाहेर उभ्या आहात असं समजू नका. राहेलीच्या शेजारी उभ्या आहात.

आता यंदा प्रत्यक्षात काय करायचं. मी लोकांना फार थोडं सांगतो. २४ च्या रात्री फोन दुसऱ्या खोलीत ठेवा आणि लूकच्या दुसऱ्या अध्यायातल्या पहिल्या वीस ओव्या, म्हणजे वचनं, मोठ्याने, सावकाश वाचा, एकट्या असलात तरी मोठ्याने. एकोणिसाव्या ओवीपाशी थांबा. तिथे मरिया काही बोलत नाही, गात नाही. सगळ्या गोष्टी अंतःकरणात ठेवते आणि त्यांचं मनन करते. तिथे जितका वेळ बसवेल तितका बसा. प्रार्थनेला शब्द सुचले नाहीत तर आईचं जे जे तुम्ही केलंत ते एकेक करून आठवा आणि देवापुढे ठेवा. ही प्रार्थनाच आहे. रडू आलं तर येऊ द्या. तेही नाही आलं तरी चालेल.

सकाळी उपासनेला जा, पण मागे बसा, आणि प्रभुभोजन झाल्यावर निघावंसं वाटलं तर निघा. तुमच्या पाळकांना आदल्या दिवशी एक निरोप टाकून ठेवा की यंदा जड आहे. म्हणजे ते दारात अडवून ‘मेरी ख्रिसमस’चा आग्रह धरणार नाहीत. आईच्या हातचं एकच काही करा, सगळा फराळ नको. तिचं करंजीचं कातण घरात असेलच. पाच-सहा करंज्या पुरेत, आणि त्यातल्या निम्म्या अशा एखाद्या घरी द्या जिथे कुणीतरी कुणाचं तरी करतंय, आणि तिथे तासभर बसा म्हणजे करणारी व्यक्ती जरा पाठ टेकेल. झोप आणि जेवण आठवडेच्या आठवडे उडालं असेल तर मात्र डॉक्टरांना भेटा. तो विश्वासाचा कमीपणा नाही. लूकसुद्धा वैद्य होता असं पौल सांगतो.

मेणबत्तीचं राहिलं. आमच्या काही मंडळ्यांत मृतांच्या नावाने मेणबत्ती लावायला नको म्हणतात, कारण मृतांसाठी प्रार्थना करावी की नाही यावर आपल्यात मतभेद आहेत, ते मला माहीत आहेत. तुमचे पाळक काही म्हणाले तर त्यांच्याशी वाद घालू नका. पण घरी लावा. तिला काही मिळावं म्हणून नव्हे, ती मिळाली होती म्हणून. आणि जुन्या पेटीत कुठे तुमचं बाळंतं आईने जपून ठेवलेलं असेल, आपल्याकडच्या आया ठेवतात, तर ते काढा आणि मेणबत्तीशेजारी घडी घालून ठेवा.